बिग बेसिन : आगीनंतरचं रेडवूडचं रान

धुकेवाला (मूळ लेख)

"बिग बेसिन उघडलं का हो?", "ते जळून गेलं ना, मग बघायला काय उरलंय?" हे दोन प्रश्न सान फ्रान्सिस्को बे एरियातल्या आपल्या मंडळींकडून इतक्या वेळा येतात, की एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. पुढच्या वेळी नुसता हा धागा दाखवेन.

उघडलंय, पण सगळं नाही. आणि बघायला भरपूर आहे, फक्त २०२० च्या आधीचे फोटो डोक्यात ठेवून जाऊ नका.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. सान होजेहून सांताक्रूझच्या डोंगरात शिरलं की बोल्डर क्रीक गावाच्या पुढे हे रान लागतं. क्षेत्र १८,००० एकरांच्या वर. वरच्या अंगाला हजार, दीड हजार वर्षांचे कोस्ट रेडवूड आणि त्याच उद्यानाचं खालचं टोक वॉडेल बीचवर पॅसिफिकला टेकतं. समुद्र एवढा जवळ नसता तर हे रानही नसतं. हा वृक्ष मुळात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्टीत आणि ऑरेगनच्या अगदी दक्षिण कोपऱ्यात वाढतो. समुद्रावरचं धुकं आत जिथवर पोचतं, साधारण तिथवरच त्याची हद्द. जून ते सप्टेंबर, म्हणजे आपल्याकडे धो धो कोसळत असतं तेव्हा, इथे पावसाचं नाव नसतं. त्या चार महिन्यांत रानाची तहान भागते ती धुक्यावर. धुकं बारीक पानांवर जमतं, थेंब होऊन खाली टपकतं आणि थोडं पाणी पानं स्वतःच शोषून घेतात. उत्तर कॅलिफोर्नियात टॉड डॉसन यांनी मोजणी केली तेव्हा रानात वर्षभरात येणाऱ्या पाण्यातला साधारण तिसरा हिस्सा धुक्याचा निघाला. भर ऑगस्टमध्ये कोरड्या ठणठणीत दिवशी रेडवूडच्या बुंध्याशी माती ओली असते, ती ह्याच्यामुळे.

हे उद्यान झालं त्याला कारण एक तिरसट जमीनमालक. एकोणिसावं शतक संपता संपता अँड्र्यू हिल नावाचा सान होजेचा चित्रकार फेल्टनजवळच्या एका खाजगी रानात फोटो काढायला गेला. मालकाने त्याला हटकलं आणि काढलेल्या फोटोंच्या काचा (निगेटिव्ह) मागितल्या. हिलने काचा दिल्या नाहीत, पण घरी येताना डोक्यात एकच विचार घेऊन आला : ही झाडं कुणा एकाची राहता कामा नयेत. त्या वेळी सगळीकडे करवती चालू होत्या. त्याने माणसं जमवली, १९०० च्या मे महिन्यात बिग बेसिनमध्येच तंबू ठोकून सेम्परव्हायरन्स क्लब स्थापन झाला, आणि १९०२ मध्ये कॅलिफोर्नियाचं हे पहिलं राज्य उद्यान झालं. (आज टिकून असलेल्यांतलं पहिलं म्हणा. योसेमिटी त्याआधी राज्याकडे होतं, त्यावरून वाद घालणारे इथेही आहेत, मला माहितेय.) तोड सुरू होण्याआधीच्या सुमारे २० लाख एकर जुन्या रेडवूड रानांपैकी आज पाचेक टक्के उरलंय. हे त्यातलं.

आता आगीबद्दल. १६ ऑगस्ट २०२० च्या पहाटे विजांचं वादळ आलं, पाऊस जवळजवळ नाहीच. डोंगरात ठिकठिकाणी लागलेल्या आगी एकत्र आल्या आणि १८ तारखेच्या रात्री बिग बेसिनवरून गेल्या. उद्यानाचा ९७ टक्के भाग जळाला. १९३६ चं लाकडी मुख्यालय, छावण्या, पूल, पाट्या सगळं गेलं. एकूण आगीत ८६,००० एकरांवर जमीन आणि १,४०० हून जास्त इमारती गेल्या. उद्यान जवळजवळ दोन वर्षं बंद होतं, जुलै २०२२ मध्ये मोजक्या गाड्यांना आत सोडायला लागले.

आणि रेडवूड? बहुतेक सगळे जिवंत आहेत. आज तिथे गेलात तर बुंधे खालपासून वरपर्यंत कोळशासारखे काळे आणि त्या काळ्या बुंध्यातूनच थेट चहूबाजूंनी हिरवे फुटवे आलेले, बाटली धुवायच्या ब्रशासारखे. पहिल्यांदा बघणारा माणूस गप्प होतो किंवा हसतो. माझे सासरे हसले.

पण "झाडं वाचली म्हणजे रान वाचलं" असं मी म्हणणार नाही. त्याबद्दल खाली कुणी विचारलंच तर लिहीन, नाहीतर लेख फार लांबेल.

---

अनघा_फ्रीमॉंट

मस्त लिहिलंय. आम्ही आगीच्या आधी गेलो होतो, मुलं तेव्हा लहान होती. एक शंका. पानं सगळी जळून गेली, मग फुटवे यायला अन्न कुठून मिळालं? झाड उपाशीच ना?

---

धुकेवाला

अनघाताई, हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता आणि त्यांनी तो बिग बेसिनमध्येच सोडवला. नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाच्या ड्रू पेल्टिए आणि सहकाऱ्यांनी जळक्या बुंध्यांवर काळं प्लास्टिक गुंडाळलं. हेतू असा, की आत येणाऱ्या कोंबांना ऊन मिळू नये, म्हणजे ते वाढले तर झाडाच्या साठ्यावरच वाढले हे पक्कं. मग त्या कोंबांतल्या कार्बनचं वय काढलं. निष्कर्ष २०२३ मध्ये आला : झाड पन्नासेक वर्षांपूर्वी तयार करून ठेवलेली साखरही वापरत होतं. म्हणजे १९७० च्या सुमाराला पडलेल्या उन्हाची कमाई २०२० च्या संकटात बाहेर काढली. आणि ज्या डोळ्यांतून हे कोंब फुटले, त्यांतले काही सालीखाली शेकडो वर्षं नुसते पडून होते, काही तर हजारावर वर्षं.

आपल्याकडे जुनी माणसं डबोलं ठेवतात ते चेष्टेचा विषय असतं, असो.

---

लाकूडतोड्या

सालीबद्दल कुणीच बोललं नाही अजून. मोठ्या रेडवूडची साल फूटभर जाड असते, तंतूंची, आणि तिच्यात राळ नसते. पाइनला आग लागली की राळेमुळे भडका उडतो, इथे तसं होत नाही. वर टॅनिन (एक तुरट द्रव्य) भरपूर, त्यानेच लाकूड तांबडं दिसतं. टॅनिनमुळे बुरशी आणि किडे दूर राहतात. आमचा धंदा सुतारकामाचा, म्हणून सांगतो : इथल्या जुन्या घरांचे डेक, कुंपणं, बाहेरच्या फळ्या बघा, अर्ध्याहून जास्त रेडवूड. १९०६ च्या भूकंपानंतर सान फ्रान्सिस्को उभं राहिलं तेही ह्याच लाकडावर.

पण आज दुकानात मिळतं ते रेडवूड वेगळं. दुसऱ्या पिढीच्या, पन्नास-साठ वर्षांच्या झाडाचं. त्यात बाहेरचं पांढरट लाकूड जास्त, गाभा कमी. पांढरट लाकडात टॅनिन नसल्यासारखंच, ते कुजतं, वाळवीही लागते. शंभर वर्षांच्या घरातून काढलेली जुनी फळी हातात घेऊन बघा, वर्षाची वलयं इतकी दाट की भिंगाशिवाय मोजता येत नाहीत. गिऱ्हाईक विचारतं, "तसलंच द्या ना." तसलं आता उद्यानातच उभं आहे आणि ते तिथेच असू दे.

---

रत्नांग्रीचा_बापू

लेख आवडला. पण एक रोखठोक विचारतो. आमच्याकडे मार्च-एप्रिलात डोंगर पेटतात, कुणी शिकारीसाठी लावतं, कुणी गवत चांगलं यावं म्हणून, कुणाची विडी. त्यात काजू, आंबा जातो तो गेलाच, परत फुटत नाही, माणसाचं वर्षाचं उत्पन्न जातं. तुमच्या झाडाला साल फूटभर आणि पोटात पन्नास वर्षांची साखर. मग रडगाणं कसलं? लेखाच्या शेवटी तुम्ही "रान वाचलं असं म्हणणार नाही" लिहिलंय ते नीट सांगा. उगीच हुरहूर नको.

---

पाणकावळा

बापूकाकांना उत्तर मी देतो, धुकेवाले माफ करा, हा माझा विषय आहे.

मार्बल्ड मरलेट नावाचा एक समुद्री पक्षी आहे. वीतभर लांबीचा, गोलमटोल, पंख लहान. दिवसभर समुद्रात बुडी मारून लहान मासे पकडतो. किनाऱ्यावरच्या लोकांनी तो कायम पाण्यावरच पाहिलेला. समुद्री पक्षी सहसा कड्यांवर, बेटांवर, बिळांत घरटी करतात, हा कुठे करतो ते उत्तर अमेरिकेतल्या पक्षीशास्त्राला १९७४ पर्यंत माहीत नव्हतं. घरटं शोधणाऱ्याला १०० डॉलरचं बक्षीससुद्धा लावलेलं होतं.

ऑगस्ट १९७४ मध्ये बिग बेसिनच्या छावणीत हॉइट फॉस्टर नावाचा फांद्या छाटणारा कामगार एका म्हाताऱ्या डग्लस फरवर (हे एक सूचिपर्णी झाड) चढला. धोकादायक फांदी उतरवायची होती. जमिनीपासून साधारण दीडशे फूट वर, जाड फांदीवरच्या शेवाळात त्याला एक पिल्लू दिसलं. अंगावर लव, आणि पायाच्या बोटांमध्ये पडदा. दीडशे फुटांवर, समुद्रापासून कित्येक किलोमीटर आत, बदकासारखे पाय असलेलं पिल्लू! ते तेच.

आता त्याचं कसं चालतं बघा. हा पक्षी घरटं बांधतच नाही. काड्या नाहीत, काही नाही. रुंद, आडव्या फांदीवर जाड शेवाळ असेल तर त्यात एक खळगा, त्यात एकच अंडं. नर-मादी आळीपाळीने चोवीस-चोवीस तास बसतात. एक बसलेला असतो तेव्हा दुसरा समुद्रावर. पाळी बदलते पहाटेच्या अंधारात, म्हणजे कुणाला कळू नये. पिल्लू झालं की मासा चोचीत धरून समुद्रावरून थेट रानात, बुंध्यांमधून ताशी ८०-९० किलोमीटरच्या वेगाने. आणि पिल्लाला उडायचा सराव करायला जागाच नसते. एक दिवस ते उडतं आणि पहिल्याच उड्डाणात एकटं समुद्र गाठतं. नाही गाठलं तर संपलं.

बापूकाका, मुद्दा आता. अशी फांदी तयार व्हायला झाडाचं वय दीड-दोनशे वर्षं तरी लागतं, त्यावर दाट शेवाळ बसायला आणखी. रेडवूडचा बुंधा वाचला, पण त्याच्या जुन्या फांद्या आणि त्यांवरचं शेवाळ बऱ्याच ठिकाणी जळून गेलं. नवे फुटवे आलेत ते बोटाएवढे. त्यांच्यावर अंडं कुठे ठेवणार? आणि डग्लस फर, ज्यावर ते पहिलं घरटं सापडलं, त्यांना रेडवूडसारखं बुंध्यातून फुटता येत नाही. बिग बेसिनमध्ये ते मोठ्या संख्येने मेले. तुमच्या काजूचं दुःख आणि हे दुःख एकाच जातीचं आहे.

१९९२ पासून हा पक्षी कायद्याने संरक्षित आहे. सांताक्रूझच्या डोंगरातला गट त्याच्या वावराच्या दक्षिण टोकाचा आणि बाकीच्यांपासून तुटलेला. त्याला दुसरीकडे जायला जुनं रानच उरलेलं नाही.

---

रत्नांग्रीचा_बापू

पटलं. काजूचं लिहिलंत ते बरं केलंत.

---

अनघा_फ्रीमॉंट

पाणकावळा, किती सुंदर माहिती! ह्याचा आणि त्या "क्रम क्लीन"च्या पाट्यांचा काही संबंध आहे का? छावणीत नाव नोंदवताना आम्हाला एकही कण सांडायचा नाही अशी शपथ घ्यायला लावली होती. आम्हाला वाटलं उंदीर-अस्वलांमुळे असेल.

---

पाणकावळा

आहे म्हणजे काय, थेट संबंध. अस्वल तिथे नाही. प्रश्न स्टेलर्स जे आणि डोमकावळ्यांचा. स्टेलर्स जे म्हणजे गर्द निळा, काळ्या तुऱ्याचा, कावळ्याच्या कुळातला पक्षी, छावणीत टेबलावर येऊन बसतो तोच. माणसं आली की चिप्स, ब्रेड, शेंगदाणे सांडतात. फुकटचं अन्न मिळालं की त्यांची संख्या वाढते, छावणीभोवती घिरट्या घालतात आणि हिंडताना वर फांदीवर मरलेटचं अंडं दिसलं की ते खातात. मरलेटचं अंडं वर्षाला एक. तुम्ही सांडलेल्या चिवड्याचा हिशोब असा दीडशे फूट वर लागतो.

आपल्या लोकांनी हे जरा मनावर घ्या. गुळपोळी, चिवडा, भेळ ह्या सगळ्या भुगा होणाऱ्या गोष्टी. पोळीभाजी, दहीभात न्या. आणि "बघ बघ कसा हातातून घेतो" म्हणून मुलांना निळ्या पक्ष्याला शेंगदाणे द्यायला लावू नका. मी स्वतः एका मराठी ग्रुपला हे सांगितलं तर एक काका म्हणाले, "अहो, पुण्य लागतं." काकांना नमस्कार केला आणि पुढे गेलो.

अजून एक गंमत. पाट्यांनी पुरेसा फरक पडेना तेव्हा तिथल्या संशोधकांनी कोंबडीची छोटी अंडी रंगवून मरलेटच्या अंड्यासारखी केली, आत उलटी होईल असं औषध टोचलं आणि झाडांवर ठेवली. स्टेलर्स जेने एक खाल्लं की पोट बिघडतं, पुढच्या वेळी तसल्या अंड्याच्या वाटेला जात नाही. पक्षी मरत नाही, शहाणा होतो.

---

तर्कट

हे जरा जास्तच होतंय. एका पक्ष्यासाठी रंगवलेली अंडी, पाट्या, संशोधकांचे पगार. करदात्यांचे पैसे. प्रजाती येतात जातात, निसर्ग कुणासाठी थांबत नाही. आणि आग तर नैसर्गिकच होती ना, वीज पडून लागली. मग तीही निसर्गाचीच इच्छा म्हणायची की.

---

मृद्गंध

तर्कटराव, "वीज नैसर्गिक म्हणून आग नैसर्गिक" एवढं सरळ नाही. ह्या रानात माणसांनी हजारो वर्षं मुद्दाम आगी लावल्या आहेत. किरोस्ते, कोतोनी अशा इथल्या मूळ जमाती ठरावीक काळाने छोट्या, सौम्य आगी लावत. गवताचं बी चांगलं यावं, हेझलनटच्या सरळ काड्या टोपल्यांसाठी मिळाव्यात, हरणांना कुरण मिळावं म्हणून. खालचा पालापाचोळा, झुडपं, वाळकी लाकडं त्यात जळून जात, मोठ्या झाडांना काही होत नसे. मग स्पॅनिश आले, मिशनं (चर्चच्या वसाहती) बांधली, लोकांना मिशनमध्ये कोंबलं. १७९३ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर आरियागाने असं जाळणं बंद करायचा हुकूम काढला. पुढे अमेरिकन काळात तर शंभर वर्षं "प्रत्येक आग विझवा" हेच धोरण. एवढ्या वर्षांचं जळण खाली साचलं, वरून दुष्काळ आणि तापमानवाढ. २०२० ची आग शेंड्यापर्यंत चढली ती ह्या साचलेल्या जळणावर. विजेने फक्त काडी लावली.

मिशनमध्ये नेलेल्या त्या लोकांचे वंशज अमाह मुत्सुन ह्या नावाने आज संघटित आहेत आणि जंगल सांभाळायच्या जुन्या पद्धती परत सुरू करायच्या कामात उद्यानवाल्यांबरोबर आहेत. बापूकाका, तुमच्याकडचा राब भाजायचा प्रकार आणि वणवा ह्यात जसा फरक, तसाच हा फरक. कुणी, कधी, किती जाळलं ह्यावर सगळं अवलंबून.

---

रत्नांग्रीचा_बापू

बरोबर. राब भाजताना चार माणसं हातात ओला डहाळा घेऊन कडेला उभी असतात. वणव्याला कोण उभं असतं?

---

तर्कट

जळणाचा मुद्दा मान्य. पैशाचा नाही. तो मुद्दा माझा कायम आहे.

---

गुलमोहर७७

मी पुण्याहून वाचतेय, अमेरिकेला कधी आले नाही, तरी धागा सोडवेना. माझा प्रश्न बावळट वाटेल. एवढी झाडं गेली असतील तर लावता येत नाहीत का? आम्ही सोसायटीतर्फे दर पावसाळ्यात टेकडीवर झाडं लावतो. तिथे तर सरकारकडे पैसा आहे.

---

धुकेवाला

बावळट अजिबात नाही. रेडवूड लावायची गरजच फारशी पडत नाही. तो बुंध्यातून, मुळातून फुटतो. तोडलेल्या जुन्या झाडाभोवती रिंगण करून उभी असलेली पाच-सात झाडं सगळीकडे दिसतात, ती त्याच मुळावरची. बियांतूनही येतो, शंकू जेमतेम इंचभर आणि त्यातलं बी त्याहून कितीतरी बारीक. शंभर वर्षांत दीडशे फुटांचं झाड सहज होतं. तोडलेल्या भागांत अशी दुसऱ्या पिढीची रानं लाखो एकर आहेत.

पण त्यात आत जाऊन उभे राहा. सगळी झाडं एका वयाची, खांबासारखी, दाटीवाटीने. खाली अंधार, वनस्पती फारशा नाहीत. जुन्या रानात तसं नसतं. एक दोन हजार वर्षांचा, त्याशेजारी पन्नास वर्षांचं पोर, मध्ये दोनशे वर्षांपूर्वी पडलेला ओंडका जो अजून पुरता कुजलेला नाही (लाकूडतोड्यांचं टॅनिन!), त्या ओंडक्यावर हकलबेरीची रोपं उगवलेली. उभ्या झाडांच्या बुडाशी जुन्या आगींनी पोखरलेल्या खोल्या, ज्यांत पूर्वी वसाहतवाले बदकं-हंस कोंडून ठेवायचे आणि आता वटवाघळं राहतात. शेंडा मोडला की त्या जागी दुसरे शेंडे फुटतात, बेचक्यांत पालापाचोळा साठून माती होते, त्या मातीत नेचे उगवतात, आणि उत्तरेकडच्या रेडवूडांत तर असल्या उंचावरच्या नेच्यांत सॅलमँडर (सरड्यासारखे दिसणारे उभयचर) आयुष्य काढतात. हे सगळं मोडण्यातून, जळण्यातून, कुजण्यातून तयार होतं. रोप लावता येतं. मोडलेला शेंडा आणि त्यावरची माती लावता येत नाही, तिथे नुसती वर्षं लागतात.

कार्बनचा हिशोबही घ्या, तर्कटरावांना आवडेल. जुन्या रेडवूड रानाच्या सगळ्यात भरगच्च तुकड्यांत जमिनीवरच्या भागात हेक्टरी २,००० टनांहून जास्त कार्बन साठलेला मोजलाय. जगात कुठल्याही प्रकारच्या रानात एवढा नाही, ॲमेझॉनमध्येही नाही.

आणि तुमच्या टेकडीवरचं काम चालू ठेवा, ते वेगळं आणि हे वेगळं.

---

गुलमोहर७७

कळलं. आमच्याकडे मावळात देवराईत गेलं की असंच वाटतं, पडलेलं लाकूडसुद्धा कुणी उचलत नाही.

---

लाकूडतोड्या

देवराईत कुऱ्हाड चालत नाही ती देवाच्या भीतीने. इथे रेंजरच्या. चालायचंच.

---

पाणकावळा

गुलमोहर, खाली जमिनीवर बघण्यासारखं एक सांगतो, म्हणजे सगळं वरवर बघून मान दुखायला नको. रेडवूडखाली रेडवूड सॉरेल नावाची वनस्पती पसरलेली असते, आपल्या आंबुटीची बहीण. तीच तीन पानं, तीच आंबट चव (उद्यानात तोडून खाऊ नका). ही एवढ्या सावलीला सरावलेली आहे की झाडांमधून उन्हाचा कवडसा तिच्यावर पडला की काही मिनिटांत तिन्ही पानं छत्री मिटल्यागत खाली दुमडते. कवडसा सरकला की परत उघडते. एका जागी दहा मिनिटं बसलात तर डोळ्यांदेखत होतं. माझ्या मुलीला तीनशे फुटी झाडापेक्षा हे जास्त आवडलं.

आगीनंतर छत उघडं पडल्याने खाली ऊन खूप यायला लागलंय, त्यामुळे जिथे ही आंबुटी होती तिथे आता सिआनोथससारखी उन्हाची झुडपं माजली आहेत. तेही बघा. आगीनंतर उगवणाऱ्या ह्या झुडपांचं बी जमिनीत कित्येक दशकं वाट बघत असतं.

---

मिलिंद_सनीवेल

एक तक्रार. सगळे छान छान लिहितायत, पण पूर्वीची छावणी, लाकडी झोपड्या, दुकान, म्युझियम परत का बांधत नाहीत? आम्ही दर वर्षी तिथे राहायचो. बांधायला एवढा वेळ? आमच्या ऑफिसची इमारत सहा महिन्यांत उभी राहिली.

---

मृद्गंध

मिलिंद, उशीर होतोय हे खरं, पण तिथेच परत बांधायचं नाही हे जाणूनबुजून ठरवलंय. जुनं मुख्यालय, पार्किंग, छावण्या सगळ्या ऐन जुन्या झाडांच्या मुळांवर होत्या. रेडवूडची मुळं खोल जात नाहीत, जेमतेम दहा-बारा फूट, पण आडवी शंभर फुटांपर्यंत पसरतात आणि शेजाऱ्यांच्या मुळांत गुंततात. त्यावर शंभर वर्षं गाड्या आणि माणसं. माती दगडासारखी घट्ट झाली, तिच्यात पाणी मुरेना. आगीने इमारती नेल्या तेव्हा लोकांना विचारून नवा आराखडा केला : आता पार्किंग आणि इमारती सॅडल माउंटनला, जुन्या रानाच्या बाहेर, आणि आत शटलने जायचं. जुन्या झाडांमध्ये कमीत कमी बांधकाम.

मला हे पटतं. छावणी गेली की छावणीभोवतालचे स्टेलर्स जे आणि डोमकावळेही कमी होतील, म्हणजे पाणकावळ्यांच्या पक्ष्याचंही भलं.

---

मिलिंद_सनीवेल

तत्त्वतः ठीक. पण त्या झोपड्यांत रात्री राहायची मजा गेलीच ना. माझ्या पोरांना ती मिळणार नाही ह्याचं वाईट वाटतं, एवढंच.

---

धुकेवाला

वाईट मलाही वाटतं मिलिंद. मुख्यालयातली ती मोठी दगडी शेकोटी आठवते. तरी निवडायचं झालं तर मी मृद्गंधच्या बाजूने.

---

अनघा_फ्रीमॉंट

आता कामाचं विचारते. सासू-सासरे येतायत, सासऱ्यांचा गुडघा बदललाय. जमेल का? मुलांना गाडी लागते.

---

धुकेवाला

जमेल. रेडवूड लूप म्हणून सपाट, छोटी फेरी आहे, एक किलोमीटरच्या आसपास, सगळ्यात मोठी झाडं त्यावरच आहेत. गुडघ्याला त्रास नाही. जाण्याआधी हे बघा :

गाडीची जागा आधी राखून ठेवा. नियम मधून मधून बदलतात, म्हणून उद्यानाच्या साइटवर त्याच आठवड्यात तपासा.

फोनला रेंज मिळत नाही, नकाशा आधीच उतरवून घ्या. पाणी घरून न्या. पूर्वीचं दुकान आता नाही.

बोल्डर क्रीकनंतर रस्ता वळणावळणाचा आहे. गाडी लागणाऱ्यांना पुढे बसवा, आणि निघताना पोहे भरपेट नकोत.

ऊन पडेल म्हणून टोपी न्या. हे पूर्वी कधी सांगावं लागायचं नाही. छत पातळ झाल्यामुळे आता दुपारी चांगलंच तापतं.

काळ्या बुंध्यांना टेकून फोटो काढाल तर पांढरे कपडे घालू नका, काजळी लागते.

---

अनघा_फ्रीमॉंट

धन्यवाद! समुद्राकडच्या टोकाने आत जाता येतं का?

---

पाणकावळा

येतं. हायवे वनवर वॉडेल बीचसमोर रांचो देल ओसो म्हणून भाग आहे, उद्यानाचाच. राष्ट्राध्यक्ष हूव्हरांचे भाऊ थिओडोर हूव्हर ह्यांची ती जमीन होती. पण मोठे रेडवूड तिथे दारात नाहीत, बरंच आत चालावं लागतं आणि त्या बाजूच्या पायवाटा कुठवर उघड्या आहेत ते आधी विचारा. सासऱ्यांना घेऊन वरूनच जा. बीचवर वारा भयंकर, पतंगावर लटकून पाण्यावर उड्या मारणारे लोक असतात, मुलं त्यांच्यात रमतील. दुर्बीण असेल तर लाटांच्या पलीकडे नजर टाका. मरलेट बहुधा जोडीने असतात, चोच थोडी वर धरून बसतात, आणि बुडी मारली की कुठे वर येतील सांगता येत नाही.